'ओईजा' (२०१४) हा भयपट न पाहता थेट त्याचा दुसरा भाग पाहिला तर कळेल का?

हो, बिनधास्त थेट 'ओईजा: ओरिजिन ऑफ इव्हिल' (२०१६) लावा. मी दोन्ही पाहिलेत. दुसऱ्याची गोष्ट १९६७ च्या लॉस एंजेलिसमध्ये, म्हणजे पहिल्याच्या कितीतरी आधी घडते, त्यामुळे कुठेच अडत नाही. विधवा आई दोन मुलींना हाताशी धरून आत्म्यांशी बोलण्याचं नाटक करते, त्यावर घर चालतं. मग आत्म्यांना बोलावण्याचा अक्षरांचा ओईजा बोर्ड घरात येतो आणि धाकटी डोरिस खरंच आत्म्यांशी बोलू लागते. त्या पोरीचं काम बघून अंगावर काटा येतो! दिग्दर्शक माइक फ्लॅनगननं जुन्या सिनेमात रीळ बदलायच्या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचे ते ठिपकेसुद्धा आणलेत. फक्त एक, पहिल्या भागातलं रहस्य यात फुटतं. तोही पाहायचाच असेल तर आधी तो उरकून घ्या.