बेस गिटारच्या वायरलेसमधून नोट सोडताना 'श्श्श' येतो. दोष गिटारचा की वायरलेसचा? डिजिटल घेतला तर जाईल का?

दोष वायरलेसचा. गिटार दुरुस्तीला टाकू नका, पैसे फुकट जातील.

तुम्ही लिहिलंय की सेट पाच-सहा हजारांचा ॲनालॉग यूएचएफ (शेकडो मेगाहर्ट्झवर चालणारा) आहे, वाजवत नसताना एकदम शांत असतो, वाजवलं की नोटच्या पाठोपाठ 'श्श्श' येतो आणि नोट विझली की तोही विझतो. शिवाय तुमचा साउंडवाला म्हणतो, "नुसता चालू ठेवला तर कुठे येतोय आवाज? म्हणजे गिटारचंच अर्थिंग गेलंय." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मी ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. गणपती, नवरात्र, हळदी, नगरसेवकांचे वाढदिवस, सगळं. आमच्या धंद्यात बेसवाल्याची किंमत काय असते ते वाजवणाऱ्यांना माहीत आहे. बजेट कमी झालं की पहिला आमचा पत्ता कट, कारण कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस भागवतो म्हणे. तर कल्याणजवळच्या एका मंडळाच्या स्टेजवर, जनरेटरवर शो. मी केबल लावली आणि मॉनिटरमधून घूंऽऽ असं हमिंग सुरू झालं. माझा ॲम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या टोकाला वेगळ्या फेजवर, मधे अर्थिंगचा पत्ता नाही. विजेचे ५० हर्ट्झ आणि त्यांची पिल्लावळ येणारच. डीआय बॉक्सवरचं (गिटार मिक्सरला जोडायची डबी) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे ग्राउंड तोडायचं, बटण दाबलं असतं तर बहुतेक तिथेच मिटलं असतं. पण साउंडवाल्याने डीआय आणलाच नव्हता. त्याने पेटीतून कॉलर माइकचा एक पॅक (कमरेला लावायचा वायरलेस ट्रान्समीटर) काढला, ज्याच्या वायरीला कोणीतरी मोनो पिन डाखलेली होती, आणि म्हणाला, "दादा, हे लाव, विषय संपला."

हमिंग गेलं, हे कबूल करायला हवं. वायरच नाही म्हटल्यावर ग्राउंड लूप, म्हणजे दोन ग्राउंडमधला फेरा, कुठून होणार? पण आवाज असा आला की माझा जॅझ बेस (बेस गिटारचं एक मॉडेल) कोणी खोक्यात घालून वाजवतोय. खालचा ई सूर ओढला तर 'ढुप' आणि मागून 'श्श्श'. मी सांगितलं, हा पॅक गिटारचा नाही. तो म्हणाला, "गायकाला हाच पॅक देतो, एकदम क्लिअर चालतो." ऑर्केस्ट्राचे मालक मधे पडले, "अरे, बेसमध्ये ते श्श्श कोण ऐकतंय? गाण्यात नको यायला म्हणजे झालं." एवढा राग मला मानधन थकल्यावरही आला नव्हता.

मग मी कीबोर्डवाल्याला विनंती केली. त्याच्याकडे साध्या साइन वेव्हचा, म्हणजे एकाच शुद्ध सुराचा, पॅच होता. खालचा ई, म्हणजे ४१ हर्ट्झच्या आसपासचा, आधी सरळ केबलने मिक्सरमध्ये. नुसता गोल, काळा आवाज, वर काही नाही. मग तीच पिन त्या पॅकमध्ये, गेन कमी करून. तीच नोट, आणि तिच्या डोक्यावर पांढऱ्या फेसासारखा हिस्स. की सोडली, हिस्स गायब. गिटार नाही, पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक-कॉइल) नाही, माझा हात नाही. समोर खुर्च्या लावणारी पोरंसुद्धा वळून बघायला लागली. साउंडवाला दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "कीबोर्डची पिन लूज असेल."

तो वाद आजतागायत मिटलेला नाही, म्हणून इथे मिटवतो.

ॲनालॉग वायरलेस एफएम रेडिओसारखा चालतो आणि आवाजाचा शंभर डेसिबलचा चढउतार त्याच्या अरुंद पट्ट्यातून स्वच्छ जात नाही. म्हणून पॅकमध्ये आवाज दाबतात, साधारण दोनास एक, आणि रिसीव्हरमध्ये तेवढाच पुन्हा ताणतात. याला कॉम्पँडर म्हणतात. गोधडी दाबून पिशवीत कोंबायची आणि पोचल्यावर झटकायची, तसं. फक्त वाटेत बसलेली धूळही झटकताना उडते. सिग्नल नसताना रिसीव्हर सगळंच खाली ओढतो, त्यामुळे हवेतला हिस्सही दबतो आणि सेट शांत वाटतो. तुम्ही नोट वाजवली की तो उघडतो, आणि हिस्सही नोटबरोबर वर येतो. म्हणजे वाजवत नसताना मिळणारी शांतता हा सेट चांगला असल्याचा पुरावा नाहीच. तुमच्या साउंडवाल्याला नेमकं हेच ऐकवा.

आता गायकाला तोच सेट 'क्लिअर' का वाटतो? गळ्यातल्या आवाजात 'स', 'श', श्वास, सगळं वरच्या पट्टीत भरलेलं असतं. हिस्स त्याच्याआड लपतो. बेसच्या नोटमध्ये, त्यातही टोनचा नॉब अर्धा खाली असेल तर, दोन-तीन हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ काही नसतं. हिस्स असतो त्याच्याही वर, आणि त्याला झाकायला कोणी नाही. म्हणजे बेसमध्ये नॉइज कळत नाही हे मालकांचं म्हणणं पूर्ण उलटं आहे: स्टेजवरच्या सगळ्या वाद्यांत वायरलेसचा खोटेपणा सगळ्यात आधी बेस उघडा पाडतो. ढोलकी, ऑक्टोपॅड, ट्रम्पेट कोणालाही लावा, महिनाभर कळणार नाही.

दुसरी गोम वेळेची. दाबणारं-ताणणारं सर्किट आवाज किती मोठा आहे ते सतत मोजत असतं. खालच्या ईची एक लाट जवळजवळ २४ मिलिसेकंदांची, पाच तारांच्या बेसवरच्या बीची ३२ची. सर्किट चपळ ठेवलं तर ते त्या लाटेचाच चढउतार आवाजाचा चढउतार समजून बसतं आणि नोट खरखरीत होते. आळशी ठेवलं तर स्लॅपचा (अंगठ्याने तार आपटण्याचा) पहिला फटका त्याच्या हातून निसटतो. स्वस्त सेट बनवणारा माणसाचं बोलणं डोळ्यांपुढे ठेवून मधलं काहीतरी ठरवतो, आणि भोगतो आपण.

'आवाज पातळ येतो' असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, पण तुमचा पॅक मुळात कॉलर माइकचा आहे का ते सांगितलेलं नाही. असेल तर तिथेच उत्तर आहे. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, पिकअपला समोर दहा लाख ओहमच्या आसपासचा इनपुट लागतो. माइकच्या पॅकचा इनपुट त्याच्या कितीतरी खाली असतो, शिवाय त्यावर कॅप्सूलसाठी बारीक डीसी व्होल्टेज येत असतं. पिकअप त्या ओझ्याखाली दबतो आणि वरचा चटका मरतो. शिवाय बोलण्याचा पॅक म्हणून खालचं बरंच काही आधीच कापलेलं असतं. माइकच्या हिशेबाने ठेवलेल्या गेनवर बेस आला की क्लिपिंग, म्हणजे आवाज फाटतो, आणि गेन फार कमी केला की पुन्हा हिस्स. डाखकाम करून हे सुधारत नाही. गिटारच्या इनपुटचा पॅक घ्यायचा.

गिटारचाच पॅक असेल तर गेन नीट लावा. सगळ्यात जोराचा स्लॅप मारा आणि लाल दिवा लागेल-न लागेल एवढ्यावर ठेवा. ॲक्टिव्ह (बॅटरीवाल्या) बेसला बऱ्याचदा पॅड, म्हणजे सिग्नल कमी करायचं बटण, लागतं, पॅसिव्हला सहसा नाही. मिक्सरवर बेसच्या चॅनलला सहा हजार हर्ट्झच्या वर कापायला सांगा, किंवा ॲम्पच्या हॉर्नचा (वरच्या पट्टीच्या छोट्या स्पीकरचा) नॉब खाली करा. अर्धा हिस्स तिथेच जातो. घरच्या छोट्या ॲम्पला सहसा हॉर्न नसतो, म्हणून घरी हे ऐकूच येत नाही आणि माणूस शोला जाऊन फसतो.

डिजिटल? हो, घ्या. त्यात कॉम्पँडर नाही, त्यामुळे नोटच्या मागून येणारा हा श्श्श नाही. बॉस कंपनीचा डब्ल्यूएल-२० किंवा लाइन ६ कंपनीचे रिले असे २.४ गिगाहर्ट्झवाले सेट बरेच जण वापरतात. हा पट्टा आपल्याकडे २००५पासून परवान्याशिवाय वापरता येतो. डब्ल्यूएल-२०मध्ये केबलच्या कपॅसिटन्सची (केबल ट्रेबल खाते त्या गुणाची) नक्कल आहे, त्याच्या 'एल' आवृत्तीत नाही. पॅसिव्ह बेस असेल तर पहिला, ॲक्टिव्ह असेल तर दुसरा. पॅसिव्ह बेसवर ही नक्कल नसलेला वायरलेस लावला की आवाज अचानक चकचकीत होतो, फ्रेटची कटकट ऐकू यायला लागते, आणि लोक त्यालाही नॉइज म्हणतात. तो नॉइज नाही. सहा मीटर केबल रोज तुमचा ट्रेबल खात होती, ती गेली एवढंच.

डिजिटलमध्ये उशीर होतो म्हणून ग्रूव्ह बिघडतो, हे सांगणारे खूप भेटतील. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. चांगल्या डिजिटल सेटचा उशीर दोन ते पाच मिलिसेकंद, म्हणजे ॲम्पपासून पाऊण ते पावणेदोन मीटर लांब उभं राहण्याइतका. ग्रूव्ह तेवढ्याने बिघडत असेल तर ड्रमर बदला.

डिजिटलचं दुखणं वेगळं. तो हळूहळू घाण होत नाही, सरळ गप्प होतो, आणि बेस गप्प झाला की अख्खं गाणं अधांतरी लटकतं. गंमत म्हणजे बहुतेक वेळा त्याला कारण साउंडवालाच असतो. टॅबवरून मिक्सर चालवायला तो २.४वर वायफाय राउटर लावतो आणि तो राउटर नेमका तुमच्या रिसीव्हरशेजारी ठेवतो. राउटर ५ गिगाहर्ट्झवर न्यायला सांगा, नाहीतर रिसीव्हर उचलून तुमच्या नजरेसमोर, कमरेच्या वर ठेवा. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी आहे आणि २.४ला ते आवडत नाही. समोर नाचणारे वीसजण म्हणजे भिंतच. एलईडी वॉलच्या पाठीमागे तर कुठलाच रिसीव्हर ठेवू नका, डिजिटल असो की ॲनालॉग.

तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी लिहिलंय, "बेसवाला कुठे नाचतो, त्याला वायरलेस कशाला?" त्यांनी पावसाळ्यात, ओल्या स्टेजवर, अर्थिंग नसलेल्या जनरेटरवर कोरस गाताना ओठ माइकला आणि हात तारेला लावून बघू नये, एवढीच विनंती. १९७६ साली फ्लोरिडातल्या लेकलँडमध्ये किस या अमेरिकन रॉक बँडचा गिटारवादक एस फ्रेली असाच स्टेजवर शॉक लागून पडला होता, आणि त्यानंतर त्या बँडने वायरलेसचा रस्ता धरला. वायर नसली की गिटारमधून करंटला वाट राहत नाही. मला वायरलेस नाचायला नको होता, जिवंत घरी जायला हवा होता.

आता थोडं मागे घेतो. चांगल्या कंपनीचे ॲनालॉग सेटही असतात, त्यांचा कॉम्पँडर इतका नीट बसवलेला असतो की हॉलमध्ये कोणाला कळणार नाही. मी शिव्या दिल्या त्या स्वस्त सेटना. जॅझ बेसचा एकच पिकअप उघडा ठेवलात तर लाइटच्या डिमरची गुरगुर येणारच, तिला वायरलेस काही करणार नाही. दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवा. आणि ॲक्टिव्ह बेसच्या जॅकमध्ये सरळ खोचायच्या काही छोट्या वायरलेस डोंगलमुळे बारीक शिट्टी येते. मधे वीतभर केबल टाकून बघा, बऱ्याचदा जाते.

सेकंडहँड यूएचएफ मिळतोय म्हणून मोहात पडू नका. पॅकच्या पाठीवर छापलेली फ्रिक्वेन्सी वाचा. २०२२च्या लिलावानंतर ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा काही भाग ५जीला गेलाय, आणि ७५८ ते ८०३च्या मधला सेट असेल तर मोबाईलचा टॉवर तुमच्याच चॅनलवर बोलत असण्याची शक्यता आहे. असला सेट फुकट मिळाला तरी आमच्या त्या साउंडवाल्याला द्या.