आधी आखरावर जा

प्रिय पोरी,

तुझा रोपवनाचा नकाशा पाहिला. गावाला लागून असलेल्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर तीन हजार खड्डे, चारी बाजूंनी तार, मधोमध गेट. रेषा सुबक काढल्यास. पण ढोरं कुठून जातील, ते मला त्यात सापडलं नाही.

माझ्या पहिल्या रोपवनाला मीही अशीच तार ओढली होती. आखर म्हणजे गावची ढोरं सकाळी जमतात ती जागा; तिथून तळ्याकडे जाणारी वाट त्या तारेनं अडवली. आठ दिवसांत दोन ठिकाणी तार कापलेली. मी गावावर चिडलो. ढोरं राखणाऱ्या ढोरक्यानं मला हाताला धरून नेलं आणि खुरांनी कोरलेली वीतभर खोल वाट दाखवली. म्हणाला, "हे वाट माह्या आज्याच्या वक्तापासूनची हाये." मग वाट सोडली, जागेचे तीन तुकडे केले. एक तीन वर्षं बंद, दोन चराईला खुले. बंद तुकड्यातलं गवत कापून न्यायची मुभा. पुन्हा तार कापली गेली नाही.

आता खड्डे. त्या बरड मुरमावर पळसाची, टेंभुर्णीची गुडघाभर झुडपं दिसतात ना, ती कोवळी रोपं समजू नकोस. दरवर्षी चरली, तोडली, जळली तरी खाली जुनी मुळं जिवंत आहेत. राखली की पाणी न घालता वर येतात. त्यांच्यावर जेसीबी फिरवून गुलमोहर लावू नकोस, पोटतिडकीनं सांगतोय. मोकळ्या जागीच मोह, चारोळी, बेहडा लाव. नाल्याकाठी अर्जुन, करंज. मियावाकी, म्हणजे खेटून लावलेलं दाट रोपवन, बसस्टँडमागच्या दोन गुंठ्यांत शोभेल. चौरस मीटरला तीन-चार रोपं आणि दोन-तीन वर्षं पाणी; इथं एप्रिलमध्ये माणसांनाच टँकर पुरत नाही.

पायवाटेच्या दोन्ही अंगांना दहा-बारा फुटांपर्यंत झाडोरा नको. संध्याकाळी शाळेतून परतणाऱ्या मुलींना लांबवरचं दिसलं पाहिजे. बचत गटातल्या एका बाईनं सांगेपर्यंत मला हे सुचलं नव्हतं.

आग बहुतेक वेळा मोहाखालून लागते. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाला पेटवतात. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत-पाला काढलेला पट्टा, काढ, आणि मोहाखाली पाला झाडून जुनी लुगडी अंथरायची सवय लाव. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल गावानं मिळून सांभाळायचा-वापरायचा हक्क, मिळाला. विडीच्या तेंदूपानासाठी, म्हणजे टेंभुर्णीच्याच पानासाठी, छाटणी होते, आगी लागतात, म्हणून त्या ग्रामसभेनं पानांचा पैसा सोडला आणि बांबूवर भर दिला. तुझ्या ग्रामसभेतही असं काही ठरायला वेळ लागेल. तो दे.

सातबारा मात्र आधी काढ. 'झुडपी जंगल' नोंद निघाली तर ते वनच, सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये तेच सांगितलंय. मग परवानगीशिवाय सिमेंटचे बाक नाहीत की गेट नाही.

सोमवारी सकाळी ढोरं जमतात तेव्हा आखरावर ये. नकाशा घरी ठेव, चुन्याची पिशवी आण. ढोरं पुढं निघाली की त्यांच्या मागं फक्की टाकत जाऊ.

तुझा,
काका