रक्त येतं तिथेच ब्रश फिरवा

प्रश्न : मी 43 वर्षांची प्राथमिक शिक्षिका आहे. गेले काही महिने ब्रश करताना थुंकीत रक्त दिसतं. मी कडक ब्रशने जोर लावून दात घासते, तरी खालच्या दातांच्या मागे पिवळा थर साचतोच. रक्त येतं तेवढी जागा आता टाळते. सासूबाई म्हणतात, ब्रश सोड, बोटाने लाल मंजन लाव. त्या स्वतः मशेरी लावतात आणि त्यांच्या हिरड्यांतून कधी रक्त आलेलं नाही. दवाखान्यात दात साफ करून घेतले तर ते हलायला लागतात, असं शेजारणी सांगतात. काय करू?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, सगळ्यात आधी ती टाळलेली जागा. तिथे आजपासून ब्रश लावा.

दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेला जंतूंचा चिकट थर रोज बसतो. तो तिथेच राहिला की हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीला ब्रशचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त येतं. रक्ताला घाबरून आपण ती जागा सोडतो, थर वाढतो, सूज वाढते. डेन्मार्कमधल्या आरहूस इथे 1965 साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी, दात घासणं पूर्ण थांबवलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. तुमच्या हिरड्याही बऱ्या होतील, असं मी म्हणते ते याच भरवशावर.

आता तो कडक ब्रश टाकून द्या. मऊ केसांचा, लहान डोक्याचा घ्या. करपलेलं पातेलं घासावं तसा आडवा ब्रश वर्षानुवर्षं चालवला की हिरडी वर सरकते, दाताच्या मुळाचा मऊ भाग उघडा पडतो आणि तिथे इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पडते. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांच्या डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि उपदाढांवर मला ही खाच जास्त दिसते, कारण हाताचा सगळा जोर तिकडे पडतो. गार पाण्याने दात शिवशिवतात ते बऱ्याचदा यामुळेच. झिजलेला दात भरून येत नाही, त्यामुळे याबाबतीत मी पेशंटच्या फार मागे लागते.

ब्रश मुठीत धरू नका, पेनासारखा बोटांत धरा म्हणजे जोर आपोआप कमी होतो. केस हिरडीच्या कडेवर तिरपे टेकवा, निम्मे दातावर, निम्मे हिरडीवर. तिथल्या तिथे अगदी थोडं हलवा, दोन-दोन दात घेत. मग वरच्या दातांवर ब्रश वरून खाली आणि खालच्या दातांवर खालून वर काढा. दोन मिनिटं तरी लागतातच. घड्याळ लावून पाहा, ती किती मोठी असतात ते कळेल.

सुरुवात मात्र समोरून करू नका. आरशात दिसतात ते दात सगळेच घासतात. तुमचा पिवळा थर खालच्या दातांच्या मागे आहे ना? जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात, आणि लाळेतल्या क्षारांमुळे तिथला चिकट थर लवकर कडक होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. म्हणून पहिला ब्रश तिथे, उभा धरून, टोकाच्या केसांनी. नंतर वरच्या दाढांची गालाकडची बाजू, कारण तिथेही लाळेची नळी उघडते. शेवटी थुंकून टाका, पण खळखळून चुळा भरू नका. पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहू द्या. रात्रीचा ब्रश चुकवू नका, झोपेत लाळ कमी सुटते. दातांच्या फटींत पिन किंवा काडी घालू नका. फट मोठी असेल तर दातांमधला छोटा ब्रश मिळतो, लहान असेल तर दोरा वापरा.

कडक झालेलं कीटण मात्र कुठल्याही ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावं लागतं. त्याने दात हलत नाहीत. कीटणाखाली हाड आधीच झिजलेलं असतं आणि तो थर फटी बुजवून दातांना टेकू देत असतो. तो निघाला की फट दिसते, दात सुटे वाटतात आणि दोष साफसफाईवर येतो. शेजारणींना हे जरूर सांगा.

नीट ब्रश करूनही दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर दंतवैद्याला दाखवा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन असेल, तर तेही सांगा. त्या गोळीने काहींच्या हिरड्या फुगतात. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता सासूबाई. लाल मंजनात बहुधा गेरू असतो, तो खरखरीत असतो आणि रोज चोळला की दात झिजतात. मशेरीचं प्रकरण याहून गंभीर आहे. ती तव्यावर भाजलेली तंबाखूच आहे. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त दिसलं नाही म्हणून हिरडी निरोगी आहे असं धरू नका. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी केली, पण घरच्या तव्यापर्यंत तो कायदा पोहोचत नाही. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना सवय नाही, व्यसन लागलेलं आहे, आणि ते सोडायला मदत लागते. एकदा उजेडात त्यांचं तोंड बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात त्यांना घेऊन जा. दुखत नसलं तरीही.

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची आहे. घरी बोअरचं पाणी पितो. आमच्या भागात मोठ्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. तिला फ्लोराइडची पेस्ट द्यावी का?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि ब्रश मोठ्यांच्या हातात. सात-आठ वर्षांची होईपर्यंत तिला एकटीला नीट जमणार नाही.

पण तुमच्याकडे आधी पाणी बघायला हवं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. दात जबड्यात घडत असतानाच ते पाणी पोटात गेलं की असे पट्टे उमटतात, आणि ते घासून जात नाहीत. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. पाणी उकळून ते कमी होत नाही. बोअरचं पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या. तोवर दुसरं पाणी मिळत असेल तर मुलीला पिण्यासाठी आणि तिच्या स्वयंपाकासाठी ते वापरा. तपासणीत आलेला आकडा मला कळवा, तिला कोणती पेस्ट द्यायची ते त्यावर सांगते.