सांडव्यावर गोण्या रचाव्यात का?

प्रश्न : आमच्या गावचं मातीचं धरण बहात्तरच्या दुष्काळी कामातलं. खाली ऊस-गहू भिजतो. हल्ली रविवारी शहरातली माणसं येतात, बचत गटाच्या दोन होड्या चालतात. होड्या मार्चपर्यंत चालाव्यात म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडतं तिथे, वाळूच्या गोण्या रचून दीड फूट पाणी वाढवायचं आणि सावलीसाठी भरावावर वड, करंज लावायचे, असं चाललंय. आमचा पाटकरी, म्हणजे धरण-पाटाच्या पाण्यावर देखरेख करणारा, दोन्हीला नाही म्हणतो. बरोबर कोण?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : पाटकरी. त्याला चहा पाजा.

दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते बरंच सोसतं. मातीचं तासा-दोन तासांत कापलं जातं. सांडव्यापेक्षा माथा उंच ठेवतात तो पुरासाठी आणि लाटांसाठी. त्यातला दीड फूट तुम्ही होडीला देताय. आणि पुराच्या रात्री त्या गोण्या काढायला कोण जाणार? पानशेतला १९६१ साली जवानांनी गोण्या रचल्या, पण त्या माथ्यावर, खचणारं धरण काही तास तगवायला.

झाडाचं म्हणाल तर मूळ भरावात खोल शिरतं. झाड वाळलं की मूळ कुजतं आणि मागे नळी उरते. घुशी-खेकड्यांच्या बिळांचंही तेच. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, तेव्हा मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला आणि त्यावर भरपूर विनोद झाले. खेकडा बीळ करतो हे खरंच आहे. पण ते वेळेवर बुजवायचं काम काही खेकड्याचं नाही.

मी नोकरीत असताना एका पाटकऱ्याने मला भरावाच्या पायथ्याशी वाटीएवढा झरा दाखवला. म्हणाला, "साहेब, कालपर्यंत नितळ होतं." चहाच्या ग्लासात पाणी धरलं, तर तळाशी बोटभर गाळ बसला. नितळ झरा चालतो. गढूळ म्हणजे आतली माती निघाली. तो आम्ही बुजवला नाही. पाणी निघावं पण माती अडावी म्हणून वर आधी वाळू, मग खडी, मग दगड टाकले, आणि विमोचकाचं, म्हणजे पाटात पाणी सोडायच्या वाटेचं, दार उघडून तलाव खाली घेतला.

तेव्हा झाडं पायथ्यापासून चाळीसेक फूट लांब लावा. होड्या खुशाल चालवा, पाणी आटलं की बंद करा. आणि एक तुम्ही विचारलं नाहीत ते : सहलीची मंडळी चुलीसाठी पिचिंगचे, म्हणजे लाटांपासून भराव राखायला त्यावर रचलेले, दगड उपसतात. तेवढे चार दगड गावातून नेऊन ठेवा.