सोलरचं नंतर बघू, आधी सातबारा दाखवा

प्रश्न : माझं वय ४६, बायकोचं ४४, मुलगा दहावीत. कल्याणला स्वतःचा फ्लॅट आहे, कर्ज फिटलंय. पगार हातात ८५ हजार. पीएफमध्ये २२ लाख, म्युच्युअल फंडात ४ लाख. मुरबाड तालुक्यात ५ गुंठ्यांचा फार्महाऊस प्लॉट ९ लाखांत घेतोय. ३ लाख टोकन चेकने दिलं, नोटरी करार झाला. सातबाऱ्यावर इतर घेणाऱ्यांसोबत माझंही नाव लागेल. शेतकरी दाखला नाही, पण एजंट सोय करून देणार आहे. आंब्याच्या कलमांतून वर्षाला १२ टक्के उत्पन्नाची हमी आहे. बँकेने गृहकर्ज दिलं नाही, म्हणून १० लाखांचं पर्सनल लोन १३ टक्क्यांनी मंजूर करून घेतलंय, अजून उचललेलं नाही. छोटं घर बांधून पन्नाशीत नोकरी सोडायची आणि तिथेच राहायचं. पाणी विहिरीचं, भाजी घरची. महिना ८ हजारांत भागेल. ३ किलोवॅटचं सोलर बॅटरीसकट ३.५ लाखांत बसवू, की महावितरणचं कनेक्शन घेऊ?

उत्तर : कनेक्शन घ्या. दोन माणसांचं घर, फ्रिज, पंखे, छोटा पंप धरून दिवसाला ४-५ युनिट लागतील. त्याचं बिल महिन्याला हजाराच्या आसपास येईल. बॅटरीचा संच एक लाखाचा धरा आणि पाच वर्षांनी बदलायचा धरा, म्हणजे नुसती बॅटरीच महिन्याला १,६०० रुपयांच्या वर खाते. शिवाय जुलैत मुरबाडला आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा हीच बॅटरी रात्री दगा देते. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान (२ किलोवॅटला ६० हजार) ग्रिडला जोडलेल्या सोलरलाच मिळतं. म्हणून कनेक्शन, त्यावर १-२ किलोवॅट सोलर आणि दिवे-पंख्यांपुरती लहान बॅटरी. वीज गेली की साधं ग्रिडवालं सोलरही बंद पडतं, त्यामुळे इन्व्हर्टर हायब्रिड मागा, म्हणजे ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा.

पण हे सगळं त्या प्लॉटवर घर उभं राहणार असेल तर. तुमच्या पत्रातली सर्वात मोलाची माहिती तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात : बँकेने गृहकर्ज दिलं नाही.

तुमचा पगार चांगला आहे, आधीचं कर्ज फेडलेलं आहे. अशा माणसाला बँक सहसा नाही म्हणत नाही. तिच्या वकिलाला नापसंत पडली असेल तर ती जमीन. पर्सनल लोन लगेच मंजूर झालं, कारण तिथे जमिनीचे कागद बघायचेच नसतात. तुमचा पगार बघतात. म्हणजे ज्या धोक्यापासून बँकेने स्वतःला वाचवलं, तो तुम्ही १३ टक्के व्याज देऊन विकत घेताय. १० लाखांवर पाच वर्षं महिना २२,७५० रुपये हप्ता, एकूण व्याज साडेतीन लाखांच्या वर.

कागदात काय खोट असावी, हे तुमच्याच पत्रावरून दिसतं. ठाणे जिल्ह्यात जिरायत जमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तुकडा पाडता येत नाही) २० गुंठे, बागायत १० गुंठे. तुकडेबंदी कायद्यामुळे ५ गुंठ्यांचा शेतजमिनीचा तुकडा स्वतंत्रपणे तुमच्या नावावर होत नाही. म्हणून पंधरा-वीस लोकांची नावं एकाच सातबाऱ्यावर चढवायची आणि जागेवर तारेचं कुंपण घालून 'हा तुमचा प्लॉट' म्हणून दाखवायचा, अशी ही विक्री चालते. कुंपण मोजणीच्या नकाशात नसतं. उद्या एका सहहिस्सेदाराने वाटपाचा दावा लावला की सगळे कोर्टात. शेतघराच्या परवानगीलाही साधारण एकरभर जमीन लागते, तुमच्याकडे तिचा आठवा हिस्सा असेल.

शेतकरी दाखल्याची 'सोय' हे तर सरळ संकट आहे. कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. खोट्या दाखल्यावर घेतली तर जमीन सरकारजमा होऊ शकते, फौजदारी गुन्हा वेगळा. एजंट तेव्हा दुसरा प्रकल्प विकत असेल. आणि नोटरी कराराने मालकी मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत लागतं.

आता आंबा. ५ गुंठे म्हणजे जेमतेम ५०० चौरस मीटर. नेहमीच्या १० बाय १० मीटर अंतराने त्यात पाच झाडं बसतात, घर बांधलं तर तीन-चार. ९ लाखांवर १२ टक्के म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार; पाचही झाडं धरली तरी झाडामागे २१ हजारांवर! तेही कलम धरायला पाच-सहा वर्षं जाणार असताना. ही हमी देणाऱ्याने आंब्याचं झाड तरी पाहिलंय का, असा प्रश्न पडतो. बहुतेक पहिली दोन वर्षं तुमच्याच पैशातून तुम्हाला 'उत्पन्न' परत देतील.

आणि ८ हजार महिना? कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपेल. तिघांचा स्वतःचा विमा वर्षाला ३०-४० हजार, म्हणजे महिना ३ हजार तिथेच गेले. मोटारसायकल, पेट्रोल, गॅस, फोन, पंपाची दुरुस्ती, कल्याणच्या फ्लॅटचा मेंटेनन्स धरून २५ हजारांच्या खाली मी यायला तयार नाही. वर्षाला ३ लाख, पुढची ३५ वर्षं, महागाईसकट : साधारण १ कोटी हवेत. फ्लॅट भाड्याने दिलात तर गरज कमी होईल, पण चार वर्षांत पीएफ पोचेल तो जेमतेम ३५ लाखांच्या आसपास. पन्नाशीची तारीख आजच्या आकड्यांत बसत नाही, ५५-५६ बसू शकते.

तुमची इच्छा मला मनापासून पटते, म्हणूनच ती या प्लॉटवर उधळू नका. पर्सनल लोन उचलू नका. डेव्हलपरकडे लेखी मागा : सातबारा, ८अ (खातेउतारा), सगळे फेरफार, मोजणी नकाशा, बिनशेतीचा आदेश, मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत तुम्हीच काढा आणि विक्रेत्याचा संबंध नसलेल्या वकिलाला दाखवा. बिनशेतीचा आदेश हातात मिळाला नाही तर टोकन परत मागण्याची नोटीस द्या. ते ३ लाख बुडण्याची शक्यता आहे, हे आधीच मान्य करा. ते वाचवायला आणखी ६ लाख जमिनीत आणि ७-८ लाख बांधकामात घालू नका.

राहायचंच आहे तर गावठाणातलं जुनं घर शोधा. तिथे शेतकरी असण्याची अट नाही. मीटर, रस्ता, नळ बहुधा असतात. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आहे का ते आधी बघा. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करणाऱ्या स्वामित्व योजनेत बरीच गावं झाली आहेत. त्याआधी त्याच भागात वर्षभर घर भाड्याने घ्या आणि दर शनिवार-रविवार राहा. पावसाचं पाणी साठवायचं असेल तर छत मोठं लागतच नाही, टाकी लागते : दोघांना दिवसाला २०० लिटर, कोरडे आठ महिने, म्हणजे ४८ हजार लिटर. एवढी फेरोसिमेंटची टाकी बांधायचा खर्च आधी विचारून घ्या, मग विहिरीवर किती अवलंबून राहायचं ते ठरेल. आणि त्या विहिरीला मे महिन्यात पाणी किती असतं, हे विक्रेत्याला न विचारता शेजारच्या वाडीतल्या बायकांना विचारा.

मुलाच्या बारावीनंतरच्या शिक्षणाचा खर्च तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्याला काय शिकायचंय आणि त्यासाठी किती बाजूला काढलंय, ते कळवा. ५५ की ५८ हे त्यावरच ठरेल.