पीडीएफ आहे का कुणाकडे?

पुस्तकांच्या ग्रुपवर कसं वागावं, याबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक. आमच्या पुस्तकप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या दिवशी, एका सदस्याने मराठी पुस्तकांच्या पीडीएफचा ढीगच टाकला. मी हरकत घेतली, तर ‘सर, मी वाचनसंस्कृती वाढवतोय, विकत तर नाही ना!’ असं उत्तर आलं आणि सगळ्यांनी त्यालाच दाद दिली. माझं काही चुकलं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : सर, तुमचं काहीही चुकलेलं नाही. कुणीतरी बोललं याचाच मला आनंद आहे. माझी सगळी नोकरी तालुक्याच्या वाचनालयात, देवघेवीच्या टेबलामागे झाली. पुस्तक फुकट वाचायला मिळण्याला माझा विरोध असेल कसा? पण वाचनालयाची प्रत विकत घेतलेली असते आणि ती एका वेळी एकाच घरी जाते. एखाद्या पुस्तकाला फारच मागणी आली, की आम्ही दुसरी प्रत मागवायचो. पीडीएफ एका दुपारीत शेकडो फोनांमध्ये पोचते आणि दुसरी प्रत कुणीच मागवत नाही. हजार प्रतींची आवृत्ती खपायला जिथे वर्षं लागतात, त्या भाषेत हा फटका बारीक नाही.

त्यातली एखादी फाइल नीट उघडून बघा. पानाच्या कडेला फोटो काढणाऱ्याचा अंगठा आलेला असतो, बांधणीकडच्या ओळी वाकलेल्या असतात, आणि शीर्षकपानावर पुष्कळदा कुठल्या तरी वाचनालयाचा गोल शिक्का आणि दाखल क्रमांक स्वच्छ दिसतो. लोकांच्या वर्गणीतून घेतलेलं पुस्तक घरी नेऊन हे केलेलं असतं. तो शिक्का पाहिला की मला राग येतो, अजूनही येतो.

कायद्याचं म्हणाल, तर आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे 60 वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं 2011 पासून सर्वांना खुली आहेत. ती खुशाल पाठवा. पु. ल. देशपांडे 2000 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क 2060 अखेरपर्यंत आहे. ‘विकत नाही ना’ म्हटल्याने तो हक्क संपत नाही. अनुवादाबाबत तर हमखास गफलत होते. मूळ पुस्तक शंभर वर्षांपूर्वीचं असलं, तरी अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा असतो.

आता ग्रुपवर काय करायचं? ॲडमिनला दुसऱ्याची पोस्टही सगळ्यांसाठी डिलीट करता येते, ती करा. पण नुसतं डिलीट करून थांबू नका. ज्या गावात पुस्तकाचं दुकान नाही किंवा जो मराठी माणूस परदेशात आहे, तो ‘पीडीएफ आहे का कुणाकडे?’ असं विचारतो ते गरजेपोटीच. त्याला वाट दाखवायला हवी. मराठी विकिस्रोतावर कॉपीराइट संपलेली पुस्तकं आहेत, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी प्रकाशनं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ मोफत ई-पुस्तकं देतं, आणि किंडलवर 2016 पासून मराठी पुस्तकं विकत मिळतात. हा एकच मेसेज लिहून ग्रुपवर पिन करून ठेवा. ज्या सदस्याने ढीग टाकला, त्याच्याशी मात्र चारचौघांत नको, फोनवर बोला. वाचनाची आवड आहे म्हणूनच त्याने तो खटाटोप केला. खुल्या पुस्तकांची यादी करायचं काम त्याच्याकडेच सोपवा.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात शिकते. रहस्यकथा वाचत होते, दोनच प्रकरणं उरली होती. तेवढ्यात फेसबुक ग्रुपवर एका काकांनी परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत खुनी कोण ते लिहिलं. तक्रार केली तर म्हणाले, ‘इतकं जुनं पुस्तक, आता कसला स्पॉयलर?’ – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुझा राग अगदी रास्त आहे. पुस्तक जुनं असलं, तरी वाचणारी तू नवीन आहेस. आमच्या वाचनालयात रहस्यकथांच्या पहिल्या पानावर पेनने खुन्याचं नाव लिहून ठेवणारे महाभाग होते. मी अशा प्रत्येक पानावर कागदाची पट्टी चिकटवत असे. फेसबुकवरची पट्टी म्हणजे पोस्टमध्ये फक्त ‘शेवटाबद्दल कॉमेंटमध्ये लिहिलं आहे’ असं म्हणायचं आणि उरलेलं खाली लिहायचं. टेलिग्रामवर मजकूर झाकायची सोयच आहे. व्हॉट्सॲपवर ‘शेवट सांगितला आहे’ अशी पहिली ओळ आणि खाली भरपूर मोकळी जागा, एवढं पुरतं. काकांना हे तूच सांग, नीट सांगितलंस तर ऐकतील. तोवर उरलेली दोन प्रकरणं जरूर वाच. चांगल्या रहस्यकथेत खुनी कळल्यावरही लेखकाने धागे कुठे कुठे पेरले होते ते शोधण्यात मजा असते.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये एक लेखिका स्वतः सदस्य आहेत. त्यांची नवी कादंबरी सगळ्यांनी डोक्यावर घेतली आहे. मला ती आवडली नाही. गप्प बसू की लिहू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : लिहा. पण पुस्तकाबद्दल लिहा. ‘लेखिकेने पाट्या टाकल्या आहेत’ हे त्यांच्या दानतीविषयीचं विधान झालं, आणि ते तुम्हाला ठाऊक असायचं काही कारण नाही. ‘सासूचं पात्र मधल्या तीन प्रकरणांत गायब होतं आणि एकदम लग्नाच्या मांडवात उगवतं’ हे कुणालाही पान उघडून तपासता येतं. जमलं तर पान क्रमांक द्या. अर्ध्यातच सोडलं असेल, तर कुठे आणि का सोडलं ते सांगा. लेखिकेला टॅग करू नका. त्यांना वाचावंसं वाटलं, तर त्या वाचतील.

आणि हे वाचणाऱ्या लेखकांना कळकळीची विनंती : ओळखीच्यांकडे पाच स्टार मागू नका. मागून मिळालेल्या कौतुकामुळे ग्रुपवरच्या खऱ्या कौतुकावरचाही विश्वास उडतो.

प्रश्न : दोन रात्री जागून लिहिलेलं माझं परीक्षण दुसऱ्या ग्रुपवरून मलाच परत आलं. खाली ‘साभार – व्हॉट्सॲप’! – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : त्या ग्रुपवर जाऊन ‘हे मी लिहिलं आहे, माझं नाव घाला’ एवढं स्पष्ट लिहा, संकोच करू नका. परीक्षणावरही लिहिणाऱ्याचा हक्क असतो. पुढच्या वेळी नाव शेवटी न घालता दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्येच ओवून टाका. तळची ओळ लोक सहज कापतात, मजकुरात शिरलेलं नाव काढायला आधी तो वाचावा लागतो.