पीसीएमला दोन गुण कमी पडले म्हणून इंजिनीअरिंग बंद होत नाही

दादा, प्रश्न वाचला. भाची निफाडची, ओपनमधून, बारावी सायन्सला ५२ टक्के, पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून) ४४.३३ टक्के, सीईटी प्रवेश परीक्षेला ५८ पर्सेंटाइल. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका एजंटाने 'आता मॅनेजमेंट कोट्याशिवाय पर्याय नाही' असं सांगून बुकिंगचे पन्नास हजार मागितलेत आणि घरात रडारड चालू आहे. आधी ते पैसे थांबवा, मग बाकीचं बोलू.

मी बरीच वर्षं प्रवेशाच्या सुविधा केंद्रात कागदपत्रं तपासायला बसलोय. तिथे येणारा प्रत्येक पालक एकूण टक्केवारी सांगतो, आणि नेमकी तीच कुणी विचारत नाही. इंजिनीअरिंगची मेरिट लिस्ट सीईटीवर लागते. बारावी फक्त पात्रतेपुरती बघतात: ओपनला तीन विषयांत मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्ग आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) ४०. आता हे तीन विषय कोणते, इथे सगळे घसरतात.

तुम्ही दिलेले गुण बघा. फिजिक्स ४१, केमिस्ट्री ४४, मॅथ्स ४८. बेरीज १३३, हवेत १३५. दोन गुणांनी गेलं म्हणून सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पण नियमात फिजिक्स आणि मॅथ्स हे दोनच सक्तीचे आहेत. तिसरा विषय केमिस्ट्री चालतो, तसाच बायोलॉजीही चालतो. भाचीला बायोलॉजीत ६३ आहेत. ४१, ४८ आणि ६३ मिळून १५२, म्हणजे ५०.६७ टक्के. पोरगी पात्र आहे! सीईटी पीसीएम ग्रुपची दिली आहे, त्यामुळे तिथेही अडचण नाही. फॉर्म भरताना बारावीच्या गुणांत तिसरा विषय म्हणून बायोलॉजी टाका आणि पडताळणीच्या वेळी समोरच्या माणसाला ते मुद्दाम दाखवा. गर्दीत घाईघाईने केमिस्ट्री टाकून 'अपात्र' शेरा मारून घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर तर अजिबात राहू नका.

एजंटाच्या बोलण्यातली गोम आता लक्षात येईल. मॅनेजमेंट कोट्यालाही पात्रतेची अट तीच आहे. पात्र नसलेल्या मुलाला पैसे भरून बसवलं तरी प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागतेच. ती अडली की विद्यापीठाची पात्रताही अडते आणि वर्ष बुडतं. म्हणजे भाची अपात्र असती तर तो काही करू शकला नसता, आणि पात्र आहे तर त्याची गरज नाही. फीच्या वर देणगी मागणं तर १९८७ च्या कायद्यानेच गुन्हा आहे. पावती मागा, माणूस फोन उचलायचा बंद होतो.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ही एजंट कधी सांगत नाही. कॅपमधून, म्हणजे केंद्रीय फेरीतून प्रवेश घेतला तरच फी सवलत मिळते. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर तहसीलमधून ईडब्ल्यूएसचा दाखला काढा. २०२४-२५ पासून या उत्पन्नाच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की यावर पाणी सोडायचं. दाखल्याला वेळ लागतो, सेतूत रांग असते, त्यामुळे उद्याच अर्ज करा.

आता कडू बोलतो. ५८ पर्सेंटाइलला नाशिकच्या नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळणार नाही. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, किंवा थोड्या मागे पडलेल्या कॉलेजात इतर काही, असं धरून चाला. पर्यायांची यादी लांब भरा, पण पहिला पर्याय विचारपूर्वक टाका. पहिल्या फेरीत तोच लागला तर तो पक्का होतो, पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. हे नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघाच.

कॅपमध्ये मनासारखं नाही लागलं तर मी स्वतः पॉलिटेक्निककडे बघेन. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांत डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. एक वर्ष जास्त जातं, पण डिग्रीचा हा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो, तिथे ना बारावी ना सीईटी. नाशिकचं सामनगावचं शासकीय तंत्रनिकेतन फीच्या दृष्टीने परवडणारं, म्हणून यादीत ते वर ठेवा. लोक डिप्लोमाला कमी लेखतात, पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शॉप फ्लोअरवर डिप्लोमावाल्यांचं काय वजन असतं ते एकदा जाऊन बघा.

बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स हाही रस्ता आहे, मात्र नाशिकच्या आरवायके, केटीएचएम कॉलेजांत ५२ टक्क्यांवर पहिल्या यादीत नाव येईल अशी आशा नको. पुढच्या याद्या आणि विनाअनुदानित तुकड्या बघा. त्यानंतर एमसीएला पदवीचे ५० टक्के आणि सीईटी लागते, बारावीची टक्केवारी नाही. एक खटकणारी गोष्ट सांगून ठेवतो: कॅम्पसला येणाऱ्या काही आयटी कंपन्या दहावीपासून सगळीकडे ६० टक्के मागतात. तिथे बारावीचा आकडा आडवा येईल. सगळ्याच कंपन्या तसं करत नाहीत, पण नंतर धक्का नको.

श्रेणीसुधारसाठी, म्हणजे गुण वाढवायला बारावी पुन्हा देण्यासाठी, वर्षभर घरी बसवण्याच्या मी विरोधात आहे. पात्रतेचा प्रश्न बायोलॉजीने सुटलाय, आणि सीईटी पुन्हा द्यायचीच असेल तर डिप्लोमा करत करत देता येते.

शेवटी जाण्यायेण्याचं. निफाडहून एसटीने येणाऱ्या मुलीला आडगाव, अमृतधामची कॉलेजं शहराच्या त्याच बाजूला पडतात. महिरावणीच्या कॉलेजला जायचं तर अख्खं शहर ओलांडून त्र्यंबक रस्ता गाठावा लागतो. रोजची ये-जा असेल तर पर्यायांचा क्रम लावताना हे धरा. ईडब्ल्यूएसचं काय होतंय ते इथेच कळवा, त्यावरून यादी कशी लावायची ते बघू.